पंधरा नंबरचा पाना ज्याचा त्याने

प्रिय काका, सा. न. वि. वि.

राजेंद्र नगरात आमचं सायकलचं दुकान आहे. बाबांनी ३१ वर्षं चालवलं. मागच्या वर्षी त्यांची बायपास झाली, तेव्हापासून मी बसतो. वय २६, बी.कॉम. झालंय. चाकाचा आउट काढण्यापासून बीबी (पेडलचा मधला एक्सल) बदलण्यापर्यंत सगळी कामं हाताला येतात. सात-आठ महिन्यांपूर्वी शहरातल्या फिक्सीवाल्या, म्हणजे चाक फिरतं तोवर पेडलही फिरत राहणाऱ्या बिनफ्रीव्हीलच्या सायकली चालवणाऱ्या मुलांशी ओळख झाली. पंधरा-वीस जण आहेत. रात्री राजवाड्यावरून निघतात, बडा गणपती, एअरपोर्ट रोड करत सुपर कॉरिडॉर गाठतात. मलाही त्याचं वेड लागलंय. एका जुन्या फ्रेमवर स्वतःसाठी फिक्सी बांधायला घेतली आहे.

पण तिथे गेलो की मी त्यांचा मित्र नसतो, मेकॅनिक असतो. कुणाची चेन, कुणाचं पंक्चर. पैशांचं विचारलं की ‘भिया, पुढच्या वेळी’. ४,२०० रुपये उधारी झाली आहे आणि मागायला जीभ रेटत नाही. गेल्या आठवड्यात ज्याला सगळे मानतात त्या मुलाने त्याची सायकल दुकानात आणून दिली. म्हणाला, पुढचा ब्रेक केबलसकट काढून टाक, हँडल साफ दिसलं पाहिजे. बाबांनी ते ऐकलं. म्हणाले, “ज्या दुकानातून ब्रेक काढलेली सायकल बाहेर जाईल, त्या दुकानात मी पाय ठेवणार नाही.” ते असं कधी बोलत नाहीत. सायकल अजून खुंटीवर टांगलेली आहे. नाही म्हटलं तर ग्रुप सुटेल, हो म्हटलं तर बाबा दुखावतील. काय करू?

– एक दुकानदार, इंदूर

*

ब्रेक काढू नकोस. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी, कारण ती सायकल तुझ्या खुंटीवर आहे आणि तो मुलगा आज-उद्या दारात येऊन उभा राहील.

तू माझ्या धाकट्या मुलापेक्षाही लहान आहेस, म्हणून अरे-तुरे करतो. जवाहर मार्गावर माझंही दुकान होतं, सव्वीस वर्षं. २०११ची गोष्ट सांगतो. इंजिनिअरिंगचा एक मुलगा मोबाइलमध्ये फोटो घेऊन आला. बारीक फ्रेम, मागे एकच दातेरी चक्र, ना केबल ना लिव्हर. “काका, असं करून द्या.” माझ्याकडे ट्रॅक हब, म्हणजे अशा सायकलच्या चाकाचा खास मधला भाग, नव्हता. पण तुला माहीत असेल, साध्या फ्रीव्हीलच्या हबवर फिक्स्ड कॉग, म्हणजे चाकाबरोबरच फिरणारं दातेरी चक्र, बसतो, आटे एकच. मी फ्रीव्हील उतरवलं, कॉग चढवला, वरून बीबीची जुनी लॉकरिंग आवळली. मुलगा खूश झाला, मीही खूश झालो. नवीन काहीतरी केलं म्हणून दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो.

तिसऱ्या दिवशी नवलखा चौराह्याच्या अलीकडे समोरून कुणीतरी आडवं आलं. त्याने सायकल थांबवायला पाय मागे रेटले आणि कॉग हबवरून फिरून सैल झाला. पाय मोकळे, ब्रेक नाही. उभ्या लोडिंग रिक्षाच्या मागच्या फळीवर तो आदळला. गळ्याजवळचं हाड मोडलं. जिवावरचं गळ्यावर निभावलं, असं सगळे म्हणत होते. मी भेटायला गेलो, तर त्याच्या आईने चहा दिला आणि एवढंच विचारलं, “तुम्हाला माहीत होतं का हे सुटू शकतं ते?”

अर्धवट माहीत होतं. म्हणून हे तुला पूर्ण सांगतो. खऱ्या ट्रॅक हबला दोन पायऱ्यांचे आटे असतात. आतल्या पायरीवर कॉग, आणि त्याच्या बाहेर जरा लहान व्यासाच्या पायरीवर उलटे आटे. लॉकरिंग त्या उलट्या आट्यांवर बसते. पाय मागे रेटला की कॉग सुटायला बघतो, पण सुटता सुटता तो लॉकरिंगलाच आवळतो. मी लावलेली बीबीची रिंग कॉगच्याच दिशेने आवळणारी होती. कॉग हलला तेव्हा तीही त्याच्याबरोबर चालती झाली. तू स्वतःसाठी जी बांधतो आहेस तिचं मागचं हब आज रात्री बघ. उलटे आटे नसतील तर काम तिथेच थांबव आणि ट्रॅक हब मागव. कॉगच्या आट्यांना ग्रीस लाव, चेन व्हिपने (कॉग फिरवायच्या चेनच्या हत्याराने) जोर लावून बसव, मग लॉकरिंग. दोन-चार दिवस चालवल्यावर पुन्हा एकदा आवळायची, कारण चढावर पाय लागला की कॉग आणखी आत बसतो आणि लॉकरिंगमध्ये फट पडते.

आता तो मुलगा तुला काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. म्हणेल, खरी फिक्सी बिनब्रेकचीच, ट्रॅकवर कुणाला ब्रेक असतो? बरोबर आहे, नसतो. जपानमध्ये १९४८ साली कोकुरा इथे केरिनच्या, म्हणजे ट्रॅकवरच्या सायकल शर्यती सुरू झाल्या, त्या सायकलींना आजही ब्रेक नाही. आपल्या एसो अल्बेनने २०१८ला ज्युनिअर जागतिक स्पर्धेत केरिनचं रौप्य आणलं, २०१९ला आपल्या ज्युनिअर मुलांनी टीम स्प्रिंटचं सुवर्ण आणलं, तेही असल्याच सायकलींवर. पण पुण्याच्या बालेवाडीचा किंवा दिल्लीचा वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचा गोल ट्रॅक, डोळ्यांपुढे आण. सगळे एकाच दिशेने फिरतात. आडवी गल्ली नाही, गाय नाही, मोबाइलवर बोलत रस्ता ओलांडणारं कुणी नाही. ब्रेक कुणालाच नाही, म्हणून पुढचा अचानक थांबणार नाही याची मागच्याला खात्री असते. तिथे ब्रेक नसणं हीच सुरक्षितता आहे. बडा गणपतीच्या गर्दीत यातली एकही गोष्ट नाही.

तो म्हणेल, मी स्किड मारून, म्हणजे पायाने मागचं चाक अडवून घसरत, थांबतो. मारू दे, पण त्याला हिशेब दाखव. वेग कमी होताना अंगाचं वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं, आणि हलक्या चाकाला रस्त्याची पकड कमी. म्हणून पुढच्या ब्रेकने जेवढ्या अंतरात थांबता येतं, त्याच्या निदान दुप्पट अंतर नुसत्या मागच्या चाकाला लागतं. ताशी ३० किलोमीटरला पुढचा ब्रेक नीट दाबला तर साधारण सात मीटर, स्किडने चौदाच्या आसपास, तेही रस्ता कोरडा असताना. मधले सात मीटर म्हणजे एक मोटारगाडी आणि वर बरीच जागा. लंडनमध्ये २०१६ साली पुढचा ब्रेक नसलेल्या अशाच ट्रॅक सायकलची धडक बसून रस्ता ओलांडणारी एक बाई गेली. चालवणारा अगदी तरुण होता, त्याला पुढच्या वर्षी १८ महिन्यांची शिक्षा झाली. ब्रिटनमध्ये फिक्सीला बंदी नाही. तिथले १९८३चे नियम फिक्स्ड चाकालाच मागचा ब्रेक मानतात. पुढचा मात्र वेगळा असलाच पाहिजे म्हणतात. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. तुझ्या दुकानात तोच लाव.

नाही म्हणताना नुसतं नाही म्हणू नकोस. त्याला हँडल साफ दिसायला हवंय ना? हँडलच्या मधोमध, स्टेमला लागून बसणारी छोटी लिव्हर मिळते. केबलचं आवरण नेमक्या लांबीला काप, कॅलिपर चांगलं घासून-पुसून बसव. लांबून ब्रेक दिसणारही नाही. आणि त्याचे दात मोज. पुढे ४८, मागे १६ असेल तर गुणोत्तर नेमकं ३ येतं, म्हणजे स्किड मारताना टायर प्रत्येक वेळी एकाच जागी घासतं, पाय बदलून मारत असला तर फार तर दोन जागी. मागे फक्त १७ दाते केले की तीच झीज १७ जागी वाटली जाते. महिन्यात जाणारं टायर कितीतरी जास्त चालतं. तुझ्याकडून त्याला ही एक गोष्ट मिळाली तर ‘नाही’ ऐकणंही त्याला सोपं जाईल. तरी नाहीच ऐकलं, तर सायकल ब्रेकसकट परत दे, पैसे घेऊ नकोस. घरी जाऊन पाच नंबरच्या ॲलन कीने तो स्वतः काढेल कदाचित. पण ते तुझ्या हातून व्हायला नको. त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर मला अजूनही देता आलेलं नाही, आणि तो प्रश्न कुणी तुला विचारावा असं मला वाटत नाही.

बाबांविषयी. तू लिहितोस ‘हो म्हटलं तर बाबा दुखावतील’, पण पत्रात कुठेही असं दिसत नाही की फिक्सी म्हणजे काय हे तू त्यांना सांगितलंस. त्यांनी फक्त ‘ब्रेक काढ’ एवढं ऐकलंय. त्यांच्या डोक्यात फिक्सी आणि बिनब्रेकची सायकल एकच आहे. त्या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखव. त्यांनी लहानपणी सर्कस पाहिली असेल. तिथली सायकल पुढे जाते तशी मागेही जाते, जागच्या जागी उभी राहते, कारण तिला फ्रीव्हील नसतं. पेडल आणि चाक एकमेकांना बांधलेले. तेवढं म्हटलंस की ते पुढचं स्वतःच समजतील, ३१ वर्षं चेनला हात लावलेला माणूस आहे.

आणि तुझ्या फिक्सीचं मागचं चाक त्यांना बांधायला सांग. हे मी त्यांचं मन राखायला म्हणत नाही. आपल्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असत, आणि दोन पोती गहू लादूनही ती चाकं वर्षानुवर्षं सरळ राहत. त्या पिढीने हाताने ताण ओळखून चाकं बांधली आहेत. फिक्सीच्या मागच्या चाकावर दोन्हीकडून जोर येतो, पुढे रेटतानाही आणि थांबवतानाही. असं चाक ढिलं बांधलेलं चालत नाही. दुसरं म्हणजे, बायपासनंतर त्यांना वजन उचलायचं नसेल, उकिडवं बसवत नसेल, पण स्टुलावर बसून स्पोक की फिरवता येते. वर्षभर ते दुकानात येऊन नुसते बघत बसत असतील, असा माझा अंदाज आहे. माझंही दुकान बंद झाल्यावर हातांना काम नसणं काय असतं ते मी पाहिलं आहे.

आता ग्रुप. तुझं म्हणणं, तिथे तू मेकॅनिक असतोस. मला सांग, जाताना पिशवीत काय काय नेतोस? पंप, पॅच, सोल्यूशन, चेन टूल, पाने, सगळं नेत असशील. पाठीवर दुकान घेऊन गेलास तर लोक दुकानातच येणार. पुढच्या चार राइडला फक्त स्वतःपुरतं ने: एक ट्यूब, छोटा पंप, आणि पंधरा नंबरचा एक पाना, कारण एक्सलची नटं त्याशिवाय निघत नाहीत. कुणी थांबलं तर तूही थांब, टॉर्च धर, गप्पा मार. चाक त्याचं त्याला काढू दे.

ते जमत नसेल त्यांना, हे खरं आहे. मग एका संध्याकाळी सगळ्यांना दुकानात बोलाव आणि शिकव. चाक कसं काढायचं, परत घालताना चेनला किती ताण द्यायचा. चेन जिथे सगळ्यात आवळलेली लागते तिथे वर-खाली जेमतेम एक सेंटिमीटर हलली पाहिजे. फार सैल झाली तर उतरेल, आणि फिक्सीची चेन चालत्यात उतरली की मागचं चाक जाम होऊ शकतं. हे शिकवलंस की रात्रीच्या राइडचा नियम कर: पंधरा नंबरचा पाना ज्याचा त्याने बाळगायचा. शिकवणाऱ्याला मान असतो आणि तो हाताखालचाही राहत नाही. पंधरा-वीस जणांत दोन-चार तरी असे निघतील, जे गप्प बसतात पण बिनब्रेकच्या सायकलला मनातून घाबरतात. त्यांना तुझ्यासारखा कुणीतरी हवाच असतो.

तुला स्वतःलाही चालवायला शिकायचं आहे, ते विसरू नकोस. सायकल बांधता येते म्हणून फिक्सी चालवता येते असं नाही. पहिले पंधरा दिवस पहाटे जा, मेट्रोच्या खांबांशेजारून सुपर कॉरिडॉरचा सपाट रस्ता धर, एकटा. खड्डा दिसला की पाय थांबवायची आपली सवय असते. तिथे पाय थांबवलास तर पेडल तुला खोगिरावरून उचलून टाकेल. सुरुवातीला ४४ बाय १७ (पुढे ४४ दाते, मागे १७) पुरे. वळणावर पेडल जमिनीला घासणार नाही हे बघ, फ्रेमचा बीबी खाली असेल तर १६५ मिलिमीटरचे क्रँक (पेडलचे दांडे) घाल. आणि सिमरोलच्या घाटात ही सायकल उतरवू नकोस, ग्रुप गेला तरी. ४४ बाय १७ वर ताशी ४५ चा वेग झाला की पाय मिनिटाला १३८ फेरे मारतात, आणि ते फेरे तू मारत नसतोस, घाट मारून घेत असतो.

उधारीचं थोडक्यात. ४,२०० रुपये कुणाकुणाचे ते वहीत नावानिशी लिही आणि ज्याचे त्याला एकेकट्याला मेसेज कर, सगळ्यांसमोर काढू नकोस. रस्त्यात केलेल्या कामाचे पैसे धरू नकोस, दुकानात केलेल्या कामाचे सोडू नकोस. पुढे सामान मागवायचं असेल तर आधी पैसे, मग ऑर्डर, बिलासकट. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तो फरक गिऱ्हाइकाला बिलात दाखव, भाव सांगणं सोपं जातं. फिक्सीच्या फ्रेम दुकानात भरून ठेवू नकोस. १६, १७, १८ दात्यांचे दोन-दोन कॉग, थोड्या लॉकरिंग, टो स्ट्रॅप (पाय पेडलला बांधायचे पट्टे), एवढं बास. जाड चेन काळ्या सायकलीसाठी तुझ्याकडे असतेच, तीच चालते. पंधरा-वीस मुलांवर दुकान चालत नाही. ते शाळेच्या मुलांच्या पंक्चरवर आणि दूधवाल्याच्या ओव्हरहॉलवर चालतं, तेव्हा सकाळचं शटर रात्रीच्या राइडमुळे उशिरा उघडू नये.

एक राहिलंच, आणि ते सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. आपण सगळे साध्या सायकलची चेन पुसताना पेडल गरकन फिरवतो आणि कापड धरतो. बोट अडकलं तर पेडल थांबतं, चाक मोकळं फिरत राहतं, बोट वाचतं. फिक्सीत चाकाचा सगळा वेग चेनमध्ये असतो. स्टँडवर चाक फिरत असताना कापड किंवा बोट कॉगमध्ये गेलं तर चाक ते ओढून नेतं आणि थांबत नाही. यात लोकांची बोटं तुटली आहेत. म्हणून फिक्सीचं चाक फिरतं ठेवून चेनला हात लावायचा नाही, तेल घालायलाही नाही. पेडल हाताने, सावकाश, उलटं फिरवायचं आणि कापड चेनच्या मधोमध धरायचं, दात्यांपासून लांब. तुझ्याकडे हाताखाली पोऱ्या असेल तर त्याला आजच दाखव, आणि बाबा चाक बांधायला बसतील तेव्हा त्यांनाही. त्यांच्या हाताला ३१ वर्षांची दुसरी सवय आहे.